फरसबंद अंगण आणि पावसाचे पाणी

घर बांधून पूर्ण झाले, फाटक बसले आणि दारात मोटार आली की अंगणाला कोबा करून घ्यावा, हा विचार बहुतेक कुटुंबांत आपोआप येतो. चिखल नको, धूळ नको, गाडीची चाके रुतायला नकोत आणि झाडलोट सोपी व्हावी, एवढ्याच साध्या अपेक्षा त्यामागे असतात. फाटकापासून पोर्चपर्यंतचा पट्टा सिमेंटचा होतो, पुढे दोन्ही बाजूंची माती पेव्हर ब्लॉकखाली जाते आणि तुळशीवृंदावनाभोवतीची हातभर जागा तेवढी मोकळी उरते. या कामात चूक अशी काहीच नाही. मात्र त्या कोब्याखाली जी जमीन झाकली गेली, ती पूर्वी एक काम विनामूल्य करीत होती. ती पावसाचे पाणी पोटात घेत होती. ते काम आता कोण करणार, हा प्रश्न अंगण करताना विचारला जात नाही. तो पुढे दोन ऋतूंत वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. आषाढात पाणी पोर्चच्या पायरीला लागते आणि वैशाखात विंधन विहिरीचा पंप नुसतीच हवा ओढू लागतो.

अंगण नव्याने करायचे असेल तर योग्य ढाळ, चर आणि शोषखड्डा यांची सोय आधीच करता येते. खरी अडचण तयार अंगणाची असते. जे एकदा पैसे घालून पक्के केले ते पुन्हा फोडायचे काय? फोडायचे तर किती, केव्हा आणि कशासाठी? या प्रश्नांचा तांत्रिक आणि आर्थिक अशा दोन्ही अंगांनी विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. उदाहरणासाठी जबलपूर शहर घेतले आहे. कारण पाऊस भरपूर असूनही पाण्याची चिंता करावी लागणे हा अनुभव या शहराला चांगला परिचयाचा आहे.

तालांचे शहर

जबलपुरास वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. शहराच्या दक्षिणेस नर्मदा वाहते. तरीही या परिसरातील जुन्या राज्यकर्त्यांनी केवळ नदीवर विसंबून राहणे पसंत केले नाही. गोंड राजवटीच्या काळात येथे तलावांची मालिकाच उभी राहिली. बावन्न तालांचे शहर अशी जबलपूरची ओळख लोकांच्या बोलण्यात आजही टिकून आहे. राणीताल हा राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल तिचा मंत्री अधारसिंह याचा, अशी परंपरा सांगितली जाते. बाजनामठाजवळचा संग्रामसागर हा राजा संग्रामशाहाच्या नावाने ओळखला जातो. टेकड्यांवरून उतरणारे पाणी आधी तालात थांबे, मग जमिनीत मुरे आणि उरलेले पुढे वाहून जाई.

कालांतराने शहर वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खंदारी जलाशय झाला, पुढे परियट जलाशयाचे पाणी आले आणि नंतर नर्मदेचे पाणी उपसून नळाने घरोघरी पोहोचू लागले. पाणी नळातून येऊ लागल्यावर तालांचे महत्त्व कमी झाल्यासारखे वाटले. काही ताल आक्रसले, काही बुजविले गेले. चेरीताल हे आज एका वस्तीचे नाव आहे, तर राणीतालच्या परिसरात क्रीडा संकुल उभे आहे. हनुमानतालासारखे काही ताल मात्र अजून पाणी धरून आहेत. जे ताल गेले त्यांची जागा घेणारी दुसरी व्यवस्था मात्र झाली नाही. त्यांत थांबणारे पाणी आता छतावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ओमती व मोती या नाल्यांत धावते. एका अंगणाचे पाणी थोडेच असते, पण एका वसाहतीतील दोनशे अंगणांचे पाणी एकाच घटकेस नाल्यावर आले की सखल भागातील घरांत शिरते. आपल्या दारातून लवकर निघून गेलेले पाणी कोणाच्या तरी दारात उशिरापर्यंत थांबलेले असते.

हिमप्रदेशातील एक धडा

तयार फरसबंदीत नंतर एखादी यंत्रणा बसविणे, हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच नाही. अमेरिका, कॅनडा आणि उत्तर युरोपातील थंड प्रदेशांत घरापुढील गाडीच्या मार्गावर हिवाळ्यात बर्फ साचतो. तो फावड्याने उपसण्याचे कष्ट टाळण्यासाठी काही घरमालक त्या मार्गाखाली विजेच्या तापतारा किंवा गरम द्रव खेळविणाऱ्या नळ्या बसवून घेतात. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील हॉलंड या गावाने तर १९८८ पासून वीजनिर्मिती केंद्रातील वाया जाणारी उष्णता नळ्यांवाटे मुख्य रस्त्यांखाली व पदपथांखाली खेळविली आहे.

या यंत्रणेचे अर्थशास्त्र उद्बोधक आहे. एक किलो बर्फाचे पाणी करण्यास ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. ५० चौरस मीटरच्या मार्गावर १० सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत हिम पडला तर त्याचे वजन सुमारे ५०० किलो भरते. तो नुसता वितळविण्यास सुमारे ४६ युनिट वीज लागेल आणि वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून बरीच अधिक. हा खर्च एकदाचा नसतो, तो प्रत्येक हिमवर्षावाला पुन्हा करावा लागतो. शिवाय तयार मार्गात ही यंत्रणा बसवायची तर काँक्रीटमध्ये खाचा कापाव्या लागतात किंवा सारा मार्गच उखडावा लागतो. म्हणून तेथील जाणकार एकच सल्ला देतात. मार्ग जुना झाल्यामुळे उखडावा लागणारच असेल, तेव्हाच नळ्या घालून घ्याव्यात. दुसरा सल्लाही तितकाच महत्त्वाचा आहे. वितळलेले पाणी जाईल कोठे, हे आधी ठरवावे. नाही तर ते फाटकापाशी साचते आणि रात्री पुन्हा गोठते.

जबलपूरच्या घरमालकाला बर्फ वितळवायचा नाही. त्याच्या अंगणात आकाशातून येणारे पाणी द्रवरूपच असते आणि ते हलविण्यास विजेची गरज नसते, योग्य ढाळ दिला की पुरे. म्हणजे तेथील यंत्रणेपेक्षा येथील यंत्रणा कितीतरी स्वस्त आणि सोपी आहे. पण ते दोन्ही सल्ले मात्र जसेच्या तसे लागू पडतात. अंगण फोडण्याची योग्य वेळ साधावी आणि पाण्याचे अखेरचे ठिकाण आधी ठरवावे.

पाणी किती, याचा हिशेब

हिशेबासाठी एक नमुन्याचे घर डोळ्यांपुढे ठेवू. भूखंड साठ फूट बाय चाळीस फूट, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. गच्ची सुमारे १०० चौरस मीटर आणि फाटकापासून पोर्चपर्यंतचे फरसबंद अंगण ५० चौरस मीटर. घरात निवृत्त गृहस्थ, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि नात अशी पाच माणसे. नळाचे पाणी दिवसातून ठरावीक वेळी येते, बाकी गरज विंधन विहिरीवर भागते. मे महिन्यात ती आटते आणि टँकर मागवावा लागतो.

गच्चीवर वर्षभरात १०० गुणिले १.३, म्हणजे १३० घनमीटर अर्थात १,३०,००० लिटर पाणी पडते. बाष्पीभवन, गळती आणि सुरुवातीचे सोडून दिलेले पाणी वजा जाता त्यातील ८० टक्के हाती येते असे धरले तर १,०४,००० लिटर उरतात. अंगणाचे पाणी ७० टक्के धरले तर ते ४५,५०० लिटर होते. दोन्ही मिळून सुमारे दीड लाख लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे सर्वसाधारणपणे धरले जाते. त्यानुसार या कुटुंबास दररोज ६७५ लिटर लागतात. म्हणजे केवळ गच्चीचे पाणी त्यांच्या सुमारे १५४ दिवसांच्या गरजेइतके आहे.

हा आकडा वाचून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. हे सारे पाणी चार महिन्यांत येते आणि त्या महिन्यांत त्याची निकड सर्वांत कमी असते. लाखभर लिटरची टाकी सामान्य घराला परवडत नाही आणि तिला जागाही नसते. म्हणून व्यवहार्य मार्ग दुहेरी असतो. एक लहान टाकी रोजच्या वरकामासाठी भरावी आणि उरलेले पाणी भूगर्भात मुरवावे.

आधी जमिनीची परीक्षा

पाणी मुरविण्याचा निर्णय जमीन पाहूनच घ्यावा. जबलपुरात ही दक्षता विशेष आवश्यक आहे, कारण शहराच्या एका टोकाची जमीन दुसऱ्या टोकासारखी नाही. मदनमहालच्या परिसरात ग्रॅनाइटचा खडक पृष्ठभागावरच दिसतो. तेथे पाणी मुरते ते केवळ भेगांतून. इतरत्र काळी चिकणमाती आढळते. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि फुगलेल्या अवस्थेत पाणी खाली जाऊ देत नाही. काही भागांत नदीने आणून टाकलेल्या गाळाचे व वाळूचे थर आहेत आणि ते पाणी चांगले घेतात.

परीक्षा सोपी आहे. ज्या खोलीपर्यंत चर खणायचा आहे तेथपर्यंत हातभर रुंदीचा एक खड्डा खणावा. तो पाण्याने भरून एक दिवस जाऊ द्यावा, म्हणजे भोवतालची माती भिजून तृप्त होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. पातळी तासाला किमान दोन सेंटिमीटर उतरली तर मीटरभर खोलीचा चर साधारणतः दोन दिवसांत रिकामा होईल आणि पुढच्या मोठ्या सरीला तयार राहील. पातळी जवळजवळ हललीच नाही तर तेथे शोषखड्डा करण्यात पैसा वाया जाईल. अशा जागी कठीण थर ओलांडून जाणारा खोल पुनर्भरण कूप करावा, किंवा मुरविण्याचा विचार सोडून मोठी टाकी बांधावी.

याशिवाय तीन पथ्ये पाळावीत. पावसाळ्यानंतर शेजारच्या विहिरीत पाण्याची पातळी जमिनीपासून तीन मीटरच्या आत येत असेल तर तेथे आणखी पाणी मुरवू नये. शोषखड्डा घराच्या पायापासून किमान तीन मीटर दूर असावा. काळ्या मातीत हे अंतर आणखी वाढवावे, कारण पायाखालची माती फुगली तर भिंतींना तडे जातात. आणि मैलाटाकीच्या जवळ तो कदापि नसावा.

दोन पाणी, दोन वाटा

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम असा की गच्चीचे पाणी आणि अंगणाचे पाणी एकत्र करू नये. गच्चीचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. अंगणाच्या पाण्यात मोटारीचे तेल, चाकांची घाण, झाडांचा पाचोळा आणि गाडी धुतल्याचा साबण असतो. अंगणाचे पाणी थेट विंधन विहिरीत सोडणे म्हणजे आपल्या आणि शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात हाताने विष कालवणे होय. भूगर्भात गेलेली घाण पुन्हा उपसून काढता येत नाही.

गच्चीच्या पाण्याची वाट अशी असावी. पन्हळीच्या तोंडाशी जाळी, खाली उतरणाऱ्या नळाला पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची तोटी, त्यानंतर टाकी आणि टाकी भरल्यावर वाहून जाणारे पाणी शोषखड्ड्यात. गच्चीवरचे पहिले दोन मिलिमीटर पाणी, म्हणजे नमुन्याच्या घरात २०० लिटर, धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते सोडून द्यावे. खड्ड्याचे आकारमान ठरविताना पंधरा मिनिटांत २५ मिलिमीटर अशी जोराची सर गृहीत धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने गच्चीवरून दोन घनमीटर पाणी येते. खड्डा दगड, खडी व वाळूने भरलेला असल्याने त्यात पाण्याला सुमारे ४० टक्केच जागा उरते. म्हणून खड्डा पाच घनमीटरचा, म्हणजे दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर खोल असावा. तळाशी ५ ते २० सेंटिमीटरचे दगडगोटे, मध्ये ५ ते १० मिलिमीटरची खडी आणि वर दीड ते दोन मिलिमीटरची जाड वाळू असे थर द्यावेत. गाळ वाळूच्या वरच्या थरातच अडकतो आणि तेवढाच थर खरवडून काढता येतो. थरांचा क्रम उलटा झाला तर गाळ तळापर्यंत जातो आणि पुढे सारा खड्डाच उपसावा लागतो.

अंगणाच्या पाण्याची वाट वेगळी असते. फाटकाच्या आत, गाडीच्या मार्गाला आडवी अशी जाळीदार नाली घ्यावी. अंगणाचे सारे पाणी रस्त्यावर जाण्यापूर्वी तीत उतरते. तेथून ते गाळाच्या चेंबरमध्ये जावे. चेंबरमधून बाहेर जाणारी नळी बाकदार असावी आणि तिचे तोंड पाण्याखाली असावे, म्हणजे तरंगणारे तेल मागेच राहते. त्यानंतर हे पाणी बागेच्या कडेच्या उथळ चरात सोडावे. नमुन्याच्या घरात पंधरा मिनिटांच्या सरीत अंगणावरून सुमारे ०.९ घनमीटर पाणी येते. त्यासाठी ६० सेंटिमीटर रुंद, एक मीटर खोल आणि चार मीटर लांब चर पुरेसा होतो. चराच्या कडेला कर्दळ किंवा गवत लावले तर मातीच्या वरच्या थरात पाणी आणखी गाळले जाते. चर भरून वाहिल्यास पाणी रस्त्याकडेच्या गटारात जाईल अशी वाट ठेवावी. अतिवृष्टीत सारेच पाणी सामावून घेणे कोणत्याही घराला शक्य नसते.

तयार अंगणाला हात लावताना

वरील रचना पाहिली तर ध्यानात येते की त्यासाठी सारे अंगण उखडण्याची आवश्यकता नसते. एक आडवी नाली, एक चेंबर आणि त्यांना जोडणारी नळी, एवढाच भाग फोडावा लागतो. पेव्हर ब्लॉक असतील तर काम आणखी सोपे होते, कारण ब्लॉक अलगद काढून पुन्हा बसविता येतात. काँक्रीट असेल तर आधी कटर यंत्राने दोन सरळ रेषा कापून घ्याव्यात आणि मगच मधला भाग फोडावा. घणाचे घाव थेट घातले तर शेजारच्या चांगल्या भागालाही तडे जातात. खणण्यापूर्वी नळाची वाहिनी, सांडपाण्याची नळी, विजेची केबल आणि अर्थिंगचा खड्डा कोठे आहे हे निश्चित करावे. घराचा नकाशा कपाटात असेल तर तो आताच बाहेर काढावा.

ढाळाची परीक्षा पाणसळीने करावी. मीटरमागे एक सेंटिमीटर, म्हणजे सहा मीटर लांबीच्या मार्गाला सहा सेंटिमीटर उतार पुरेसा होतो. अंगणाचा उतार मुळातच घराकडे असेल तर मात्र नुसती नाली पुरत नाही. फाटकाजवळच्या नालीसोबत पोर्चच्या पायरीपुढेही एक नाली घ्यावी लागते. जाळी मोटारीचे वजन पेलणारी असावी. पत्र्याची हलकी जाळी पहिल्याच वर्षी वाकते आणि रात्री कोणाचा तरी पाय तीत अडकतो. नव्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे आणि त्यावरून गाडी नेण्याची घाई करू नये.

वेळ कोणती साधावी? पावसाळा ओसरल्यावर नोव्हेंबरपासून मेपर्यंत केव्हाही काम करता येते. परंतु अंगणाची दुरुस्ती, नळाची नवी वाहिनी, फाटक बदलणे किंवा घराची रंगरंगोटी यांपैकी काही निघणारच असेल तर हे काम त्याच वेळी उरकावे. मजूर, यंत्र आणि राडारोडा उचलण्याचा खर्च मग दोनदा होत नाही. मान्सून जबलपुरात साधारणतः जूनच्या उत्तरार्धात दाखल होतो. त्याआधी एकदा हौदभर पाणी ओतून सारी वाट तपासून घ्यावी.

कायदा आणि सवलत

मध्य प्रदेश शासनाच्या २००६ च्या अधिसूचनेने १४० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींना छतावरील पाण्याचे संकलन अनिवार्य केले आणि ज्या वर्षी ही व्यवस्था बसविली जाईल त्या वर्षीच्या मालमत्ता करात ६ टक्के सूट देऊ केली. काम सुरू करण्यापूर्वी या सवलतीचे सध्याचे स्वरूप, अर्ज आणि लागणारी छायाचित्रे यांची चौकशी नगर निगमाच्या कार्यालयात करावी. खड्डा एकदा भरला की त्यातील थरांचा पुरावा देता येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र व देयके जपून ठेवावीत. तामिळनाडूने २००३ मध्ये नव्या इमारतींबरोबर जुन्या इमारतींनाही ही व्यवस्था सक्तीची केली होती. तयार घरात हे काम करता येते, याचे ते मोठे उदाहरण आहे.

पैसा कोठून आणावा

नमुन्याच्या घरात या विषयावर मतभेद होता असे समजू. मुलाला काम हवे आहे. वडिलांना ते पटते, पण पैशाची बाब निघाली की ते थांबतात. त्यांची निवृत्तीनंतरची मुदत ठेव आजारपणासाठी राखलेली आहे आणि ती मोडायला त्यांचे मन तयार होत नाही. त्यांचे हे थांबणे चुकीचे नाही. अडीअडचणीसाठी राखलेला पैसा अंगणात घालू नये, हे घरगुती अर्थशास्त्राचे पहिले सूत्र आहे.

मार्ग तीन आहेत. पहिला, मासिक बचतीतून दोन टप्प्यांत काम करणे. यंदा गच्चीचे पाणी आणि पुढील वर्षी अंगणाची नाली. दुसरा, मुदत ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल घेणे. यात व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच अधिक असतो आणि ठेव शाबूत राहते. मात्र उचल फिटेपर्यंत ठेवीचा तेवढा भाग अडकून पडतो, म्हणून आजारपणाची ठेव या कामासाठी तारण ठेवतानाही विचार करावा. तिसरा, घरदुरुस्तीसाठीचे कर्ज. समजा कामाचा खर्च ६०,००० रुपये आला आणि तेवढे कर्ज १० टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १,९३६ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ९,७०० रुपये होईल. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष दर आणि खर्च ज्याचे त्याने तपासावेत.

आता जमेची बाजू. कागदावर दोन रकाने करावेत. एकात गेल्या तीन वर्षांतील टँकरचा खर्च, पंपाची दुरुस्ती, विंधन विहीर आणखी खोल नेण्याचा खर्च आणि पाणी घरात शिरल्याने झालेले नुकसान लिहावे. दुसऱ्यात हप्ता आणि वार्षिक देखभाल लिहावी. टाकीतील पाण्याचा लाभ लगेच मोजता येतो, कारण ते पाणी त्याच घराचे असते. मुरविलेल्या पाण्याचे तसे नाही. ते खडकाच्या भेगांतून कोठे जाईल हे सांगता येत नाही. कदाचित ते स्वतःच्या विंधन विहिरीत येईल, कदाचित शेजारच्या. म्हणून केवळ शोषखड्ड्याच्या भरवशावर आपली विहीर मे महिन्यात भरलेली राहील, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नये.

मग हा खर्च करावाच का? येथे हिशेबाची दुसरी बाजू पाहावी लागते. विंधन विहिरीतून वर्षानुवर्षे जे पाणी उपसले, तेही केवळ आपल्या भूखंडाखालचे नव्हते. सामाईक खात्यातून प्रत्येक जण रक्कम काढतो आहे आणि भरणा कोणीच करीत नाही, अशी ती स्थिती आहे. अशा खात्याचे पुढे काय होते ते बँकेच्या ग्राहकांना निराळे सांगण्याची गरज नाही. एका गल्लीतील दहा घरांनी एकाच वर्षी हे काम केले तर गवंडी, यंत्र आणि साहित्य यांचा खर्च विभागला जातो आणि मुरलेले पाणी त्याच गल्लीच्या विहिरींत दिसण्याची शक्यताही वाढते.

निगा

यंत्रणा उत्तम असली तरी निगा राखली नाही तर ती दोन-तीन पावसाळ्यांत निकामी होते. म्हणून चार कामांचे वेळापत्रक स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवरच लिहून ठेवावे. मे अखेरीस गच्ची झाडून पन्हळी व जाळ्या साफ कराव्यात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला चेंबरमधील गाळ व तरंगते तेल काढावे आणि ते नालीत न टाकता कचऱ्यात द्यावे. मोठ्या सरीनंतर दोन दिवसांहून अधिक काळ पाणी साचून राहते का ते पाहावे, कारण साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. पावसाळा संपल्यावर वाळूचा वरचा थर खरवडून तेथे नवी वाळू घालावी. वर्षातील चार-पाच सकाळी एवढाच या कामाला लागणारा वेळ आहे. गाडी धुण्याची जागा मात्र जाळीदार नालीपासून दूर ठेवावी.

समारोप

तयार अंगण ही बदलता न येणारी गोष्ट नव्हे. हातभर रुंदीची एक नाली, एक चेंबर, एक चर आणि एक खड्डा एवढ्याने फरसबंदीखाली झाकलेल्या जमिनीला तिचे जुने काम पुन्हा देता येते. त्यासाठी आधी जमीन तपासावी, गच्चीचे आणि अंगणाचे पाणी वेगळे ठेवावे, अंगण फोडण्याची वेळ साधावी आणि खर्च करताना राखीव ठेवीला हात लावू नये, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

राणी दुर्गावतीच्या काळी ताल खणणे हे राज्यकर्त्यांचे काम होते. त्या तालांपैकी अनेकांवर आज घरे उभी आहेत आणि त्या घरांना फरसबंद अंगणे आहेत. नवा ताल खणण्यास शहरात जागा उरलेली नाही. परंतु प्रत्येक अंगणात अडीच घनमीटरचा चर निश्चितच मावतो. गेलेल्या तालांची थोडीफार भरपाई व्हायची असेल तर ती अशाच लहान लहान भरण्यांतून होईल.